तीनशे दहा रुपयांचा बॅकअप

वायर साठ रुपये, चार्जरचा जुना ट्रान्सफॉर्मर शंभर, मोटारसायकलचा हॉर्न शंभर, रेग्युलेटर आणि बारीकसारीक सामान पन्नास. एकूण तीनशे दहा. २०१० च्या पावसाळ्यात मालवणच्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात येईल त्याला मी हा हिशेब ऐकवत होतो...

तोंडवलीच्या फेलिक्सने खाडीकाठी कोळंबीचं तळं केलं होतं. जहाजावरची नोकरी सोडून सगळी पुंजी त्यात घातलेली. पाण्यात हवा सोडणारी मोटर थांबली की कोळंबी गुदमरते, म्हणून त्याच्या भाच्याने पुण्याहून येऊन तळहाताएवढा एक कॉम्प्युटर बसवून दिला. मोटर बंद पडली की त्याने घरातला हॉर्न वाजवायचा आणि फेलिक्सने धावत जाऊन डिझेल इंजिन चालू करायचं.

पण आमच्याकडे मोटर थांबते ती लाईट गेली म्हणून... आणि लाईट गेली की कॉम्प्युटरही गप्प! तयार यूपीएस फेलिक्सला महाग वाटला. मी म्हटलं, मी बसलोय ना इथे.

बॅटरी होडीवाल्या बाबी तांडेलाची लावली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बॅटऱ्या नुसत्या पडून. "दुकानात ठेव, फुकट चार्ज करून देतो," असं बाबीला सांगून ठेवून घेतली होती, ती गेली फेलिक्सच्या शेडमध्ये. ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला, काहीच सांगितलं नाही. आपण किती हुशार, असंच वाटत होतं...

नारळी पौर्णिमा झाली आणि बाबी दारात. "भाऊ, माझी बॅटरी खंय आसा? आता इंजिन काय फुकून चालू करू?" कोळ्यांच्या शेजारात आयुष्य गेलेला माणूस मी, पण होड्या पाण्यात जाणार हेच विसरलो होतो.

फेलिक्स घरी नसताना जाऊन बाबीची बॅटरी काढली आणि दुकानातली मोटारसायकलची जुनी जोडली. चाचणीला हॉर्न वाजवला. वाजला, पण घसा बसल्यासारखा. कुठल्याही यंत्राचं दुखणं मी आवाजावरून सांगतो, अशी माझी ख्याती. बॅटरी मेलेली आहे हे त्या क्षणी कळलं होतं... तरी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

त्याच रविवारी फेलिक्सचं घर सकाळी चर्चमध्ये गेलेलं. म्हातारी आई तेवढी मागे, हॉर्न वाजला की शेजाऱ्याला हाक मारायला. लाईट गेली. हॉर्न वाजलाच नाही.

आई बदकांना दाणे घालायला बाहेर आली तेव्हा कोळंबी काठाला येऊन तडफडत होती. इंजिन तिला चालू करता येईना. तिच्या हाका ऐकून वाटेवरच्या मासे विकणाऱ्या बायका टोपल्या टाकून धावल्या, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि वल्ही, डबे, हाताला येईल त्याने पाणी बडवत राहिल्या. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. फेलिक्स येईपर्यंत निम्मी कोळंबी मेली होती, निम्मी त्यांनी जगवली.

मला हे कळलं सोमवारी, मासळी बाजारात. त्याच बायका बोलत होत्या; त्यांच्याकडे माझी पाठ होती, पण कान तिखट. "मशीनवाल्याचा मशीन निजला गो! आमचे हात जागे म्हणान अर्धी तरी सुंगटां वाचली." सगळ्या हसल्या. मी मासे न घेताच निघालो...

तसाच तोंडवलीला गेलो. फेलिक्स बांधावर बसून मेलेली कोळंबी पाटीत भरत होता. मला बघून तोच म्हणाला, "तू कित्याक तोंड पाडतंस? तुजी काय चूक रे? लायटच गेली."

लाईट गेल्यावर चालावं म्हणूनच तर ते लावलं होतं. त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. बाबीची बॅटरी, ती जुनी बॅटरी, तो बसलेला आवाज.

त्याने हातातली कोळंबी पाटीत टाकली. मग एवढंच म्हणाला, "आदी सांगूचा नाय रे माका?"

ओरडला असता तर बरं झालं असतं...

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी स्वतः नेऊन बसवली. त्याच्या आईने मला चहा दिला. त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. आता सगळ्यांची माहीत आहेत, आणि त्या समोरून आल्या की आजही आधी मीच मान खाली घालतो.

आणि तो हिशेब... तीनशे दहा रुपयांत बॅटरी येत नाही. तेव्हाही येत नव्हती.