मशेरीची डबी

लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या आमच्या गल्लीत पोरांच्या खिशांवर घरोघर पहारा असे. गुटख्याच्या पुड्या नुकत्याच टपऱ्यांवर लटकू लागल्या होत्या. वडील कापडाच्या लूमवरची बारा तासांची पाळी संपवून आले की चप्पल काढायच्या आधी माझ्या भावाचं तोंड हुंगत. मला कुणी हुंगलं नाही. मुलीच्या जातीला कसलं आलंय व्यसन?

त्याच घरात दर रविवारी मी तव्यावर तंबाखू भाजत होते. पानं काळी पडली की चुरायची आणि डबीत भरायची. खानदेशातून आलेल्या आमच्या घरांत हे काम मुलींचंच. मशेरीला कुणी तंबाखू म्हणत नसे, ते दात घासायचं साधन. आठवीत माझी दाढ ठणकू लागली तेव्हा आईनेच डबी पुढे केली. "दात दुखस ना? लाव थोडी."

दाढेचा ठणका चार दिवसांत थांबला, मशेरी मात्र थांबली नाही. वर्षभरात दिवसातून एकदाची तीनदा झाली. मधल्या सुट्टीपर्यंत डोकं जड व्हायचं, फळ्यावरचं गणित डोक्यात शिरायचं नाही. मी कागदाची पुडी दप्तरातून नेऊ लागले. नववीत सहामाहीला नापास झाले, आणि त्याच आठवड्यात बाईंना पुडी सापडली. पुन्हा सापडली तर शाळेतून नाव काढू, असं त्यांनी आईला बोलावून सांगितलं. आई स्वतः शाळेत गेलेली नव्हती. मी दहावी व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

वाटलं होतं, मार बसणार. घरी येऊन तिने डबी गटारात रिकामी केली. "तू सोडी दे. मी बी सोडस."

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मी भांडी आदळत होते, ती उगाच भावावर खेकसत होती. डोकं दुखलं की मला बडीशेप द्यायची, स्वतःही चघळायची. वीस वर्षांची सवय मोडणारी बाई शेजारी असताना मला माझ्या एका वर्षाचं रडगाणं गाता येईना. हळूहळू माझी सुटली.

दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर देऊन एका दुपारी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई मोरीत उकिडवी बसली होती, बोट हिरडीवर. मला पाहताच तिने हात पदराखाली घेतला. आईचं लेकरासाठी आतडं तुटतं म्हणतात. त्या दिवशी माझं तुटलं.

मी पाठ फिरवून माठातलं पाणी घेतलं आणि पेपर सोपा गेला म्हणून सांगितलं. तिला चूळ भरायला वेळ मिळावा म्हणून आणखी एक पेला प्यायले.