मोजते, असं मी म्हणाले

आमच्या घरी संशयाला संशय म्हणत नसत, जपून राहणं म्हणत. बाबा नगरकडून तारापूरला अणुवीज प्रकल्पाच्या नोकरीवर आले तेव्हा मी शाळेत होते. कॉलनीत राहायला आल्यापासून हेच कानावर पडत होतं, की समोरच्याचं सगळं आधी ऐकून घ्यायचं आणि आपलं मागाहून, लागेल तेवढंच सांगायचं. बाबा आमच्या छोट्याशा मंडळीचे वडील होते. बाहेरच्यांना हे वाक्य चमत्कारिक वाटेल. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं, आणि तिचा कारभार पाहणारे ते वडील. माझे वडील असे सगळ्यांचेच वडील, त्यामुळे मी तिथे मालकिणीसारखी वावरायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. चर्चला इमारत नव्हती. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एक गाळा आम्हाला रविवारपुरता मिळायचा. आठवडाभर त्यात मालकाचे पुठ्ठ्याचे खोके असत. ते भिंतीकडे सरकवून आम्ही सतरंज्या अंथरायचो. उपासना दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर. गाळ्याला खिडकी नव्हती, म्हणून दार सताड उघडं ठेवावं लागे, आणि दाराबाहेर लगेच रस्ता, ट्रकांचा.

आमचे धर्मगुरू म्हणजे पाळक; ते पालघरहून एस.टी.ने यायचे. एका रविवारी उपदेश संपवून त्यांनी आम्हा तरुणांना उठून उभं केलं.

"नुसतं बसायला येता का रे? पाहुणे आहात? प्रत्येकाने एक सेवा घ्या आज. छोटी का असेना."

"मी तबला घेतो," एक जण म्हणाला.

"घे, पण मग आमची सहनशीलतेची सेवा धर," मागून कोणीतरी पुटपुटलं, आणि बायका पदराआड हसल्या.

दुसऱ्याने सतरंज्या घेतल्या. त्याला विचारलं गेलं की अंथरण्याची सेवा की त्यांच्यावर झोपण्याची. मी काही मागितलं नाही. गाणं सुरू करणं आणि मुलांचं संडेस्कूल हे माझंच होतं, ते कोणी मला द्यायचा प्रश्नच नव्हता. शेवटी पाळकांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

ती माझ्याच वयाची. डोंगरावरच्या पाड्यातली. औषधांच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि आणखी काही मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. तिच्या मामाच्या घरी प्रार्थना व्हायची, तिथून ती आमच्याकडे आली, असं तिने सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं होतं आणि तिच्या गळ्यातला काळा दोराही पाहून ठेवला होता.

"आणि तू, बाळ?"

"मी बघन," ती म्हणाली.

"काय बघशील?"

"सगल्यांना."

सगळा गाळा हसला. पाळकही हसले. "बघ, बघ. आहोतच आम्ही बघण्यासारखे." आणि त्यांनी आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली.

मी हसले नाही. असलं उत्तर का दिलं हिने, हाच विचार मी कॉलनीच्या बसमध्ये बसेपर्यंत करत होते.

त्याच सुमारास गाळ्याची किल्ली आणायला मी मालकाकडे गेले. तो माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. किल्ली हातात देता देता म्हणाला, "काय हो, डोंगरावरची माणसंपण यायला लागली म्हणे तुमच्याकडे?"

"कोणी सांगितलं?"

"कोणीतरी म्हणालं. मला काय, तुम्ही देवाचं नाव घ्या. उद्या कोणी येऊन मला विचारायला नको, एवढंच."

तेव्हा आमच्या लोकांविषयी उलटसुलट बोललं जाई. धर्म बदलवतात, तांदूळ वाटतात, असं. जागा जायला एवढी कुजबुज पुरे होती. डोंगरावरची अशी ती एकटीच नव्हती, पण बाकीचे हात जोडून, मान खाली घालून बसायचे. ही दाराशी बसायची. नेहमी दाराशीच. आतली बातमी बाहेर नेणारं कोणीतरी मला हवं होतं, ते मला मिळालं.

आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात. लहान मुलाला पहिली गोष्ट तीच शिकवतात. आणि बाबांची प्रार्थना म्हणजे सरकारपासून शेजारच्या आजारी म्हशीपर्यंत सगळ्यांना देवाच्या हाती सोपवणारी. ती सुरू झाली की एखादी बाई घरी जाऊन कुकर लावून परत आली असती. पुढच्या रविवारी ती सुरू असताना मी हळूच डोळे उघडले आणि मान वळवली. सगळ्या मिटलेल्या चेहऱ्यांमध्ये दोनच डोळे उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली, ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तशी. पकडली गेली तरी हसते, असं माझ्या मनात आलं. मांडीवरच्या तिच्या हाताचं बोट हलत होतं. एवढंच मी पाहिलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, "ती प्रार्थनेत डोळे मिटत नाही."

"तुला कसं कळलं?"

"माझे उघडले गेले मधेच."

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "नवीन आहे. शिकेल."

ते विसरणार हे मला दिसलं. मग मी म्हणाले, "ती माणसं मोजते, बाबा. बोटांवर."

वर्तमानपत्र खाली आलं. मोजते, हा माझा शब्द. तो मी तिथे उभ्या उभ्या तयार केला. आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारते की मला ते खरंच वाटत होतं का. थोडं वाटत होतं. पण मला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाळकांनी सगळ्यांना सेवा विचारली होती, फक्त मला विचारली नव्हती, आणि हिने काहीच न करता, नुसतं "बघन" म्हणून सगळ्यांना आपल्याकडे पाहायला लावलं होतं.

पुढच्या रविवारी बाबांनी तिला खोक्यांपाशी बाजूला घेतलं. मी जवळच गीतांची पुस्तकं रचत होते.

"काही दिवस येऊ नकोस, बाळ. वातावरण बरं नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही."

"मग?"

बाबा खोके सरकवू लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकांचे कोपरे जुळवत राहिले. ते आधीच जुळलेले होते.

ती गेली आणि त्यानंतरच्या रविवारी, बाबांची प्रार्थना रंगात आलेली असताना, दारातून एक मोठा आवाज आला.

"अरे, ये बच्चा किसका है? टायर के पास बैठा था! और यहाँ पूरी पब्लिक आँख बंद करके बैठी है!"

ट्रकचा क्लीनर होता. त्याच्या काखेत आमच्यातल्या एका जोडप्याचं नुकतं चालायला लागलेलं पोर, दोन्ही हात ग्रीसने काळे, आणि खूश. त्याची आई किंचाळत उठली. पोराला ओढून घेतलं, आधी एक चापट मारली, मग कवटाळून रडायला लागली. रडता रडता तिने गाळाभर नजर फिरवली.

"ती कुठे आहे? दर वेळी तीच धरून आणायची याला. बोटाने खुणावलं की हा जायचा तिच्याकडे. मी म्हटलं तिने सेवाच घेतली आहे, म्हणून मी निर्धास्त डोळे मिटून बसले!"

त्या बाईला 'बघन' पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोराला बघणं, घर बघणं, म्हाताऱ्यांना बघणं, आमच्याही घरात हा शब्द दिवसातून शंभरदा बोलला जायचा. मला तो कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी दुसरा अर्थ निवडला.

गोंधळ ऐकून गाळ्याचा मालक आला. पोर सुखरूप आहे म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला आणि तो बाबांना म्हणाला, "वडीलसाहेब, जागा अपुरीच पडते आहे तुम्हाला. तुम्ही म्हणालात त्या दिवशी चहा पिताना, आता डोंगरावरूनही माणसं येतात म्हणून. बाजूचा गाळा रिकामा होतो आहे, बघा."

बाबांचे कान लाल झाले. म्हणजे मालकाला सांगणारं ते 'कोणीतरी' हेच. मंडळी वाढते आहे या अभिमानापोटी बाबाच बोलून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या क्षणी आम्हा दोघांनाही दुसऱ्याचं माहीत झालं: त्यांना माझं 'मोजते', मला त्यांचा तो चहा. बाबा वारले तोपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिला बोलावून आण. गैरसमज झाला म्हण."

मी गेले. ती खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, "बसा बाय" म्हणाली आणि कोरा चहा टाकला. तिच्या मैत्रिणी कामावर होत्या.

"बाबांनी बोलावलंय तुला. थोडा गैरसमज झाला होता."

"कसला?"

"त्यांना वाटलं तू... माणसं मोजतेस."

"मोजते?" तिला ते कळेना. मग कळलं. "कोन म्हनला असा?"

मी चहात पाहत राहिले. बाहेर कोणाचा तरी रेडिओ लागला होता.

"तुमी म्हनल्या," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं पडलं असतं. "त्या दिशी तुमी मागं बघलं तवा मला बरां वाटला. म्हटलं, मी एकटीच नाय, ही बाय पन बघते."

"झालं ते झालं. ये तू रविवारी."

"येन. पन तुमी सगल्यांसमोर सांगा, मी मोजत नवती म्हनून. तुमी म्हनल्या, तर तुमीच सांगा."

"बाबा सांगतील ना."

"बाबा कशाला? तुमी नाय सांगितला तर मी बघन पोरांना, नं सगले बघतील माझ्याकडं. मग डोलं मिटून प्रार्थना कोन करल?"

"बघते," मी म्हणाले.

"बघा," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली.

आठवडाभर मी ते वाक्य पाठ केलं. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. अगदी साधं होतं: तिच्याबद्दल मी खोटं सांगितलं. रविवारी पाळक आले होते. पोराची हकिगत त्यांच्या कानावर गेलेली होती. त्यांनी उपदेशाच्या आधीच विचारलं, "प्रार्थनेच्या वेळी लेकरांकडे कोण लक्ष देईल? कोणी तरुण पुढे येतंय का?"

मी उभी राहिले. ती रस्त्याच्या पलीकडे, टपरीच्या आडोशाला उभी होती. मला उघड्या दारातून तिची साडी दिसत होती. तिने आत यावं की नाही, ते माझ्या बोलण्यावर होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि बाबांनी डोळे मिटून घेतले होते, प्रार्थना सुरू नसताना.

"मी लक्ष देईन," मी म्हणाले.

"आमेन," पाळक म्हणाले. "वडिलांची मुलगी शोभतेस."

मी परत बाहेर पाहिलं तेव्हा टपरीपाशी कोणी नव्हतं.

पुढे ती नोकरी सोडून पाड्यावर गेली असं तिची एक मैत्रीण म्हणाली. दुसरी म्हणाली, पालघरला कुठल्या तरी प्रार्थनेला जाते आणि तिथे सगळं तीच सांभाळते. हे दुसरं खरं असावं असं मला फार वाटतं, म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

मुलांची सेवा मात्र माझी झाली. पाळणाघर म्हणा, बालवर्ग म्हणा, ते मी वाढवलं. आता आमची स्वतःची इमारत आहे, मुलांना वेगळी खोली आहे, दाराला कडी आहे. माझं कौतुक झालं की मी मान खाली घालते आणि लोकांना ती नम्रता वाटते.

गेल्या वर्षी तरुणांच्या शिबिरात मला बोलायला बसवलं. विषय होता, तरुणांनी मंडळीत आपली सेवा कशी शोधावी. देवाने दिलेलं दान ओळखा, छोट्या कामाला कमी लेखू नका, असं मी सांगत गेले. सगळं बरोबरच होतं. शेवटी दहावी-बारावीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली.

"टीचर, तुम्हाला तुमची सेवा कशी सापडली?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी ट्रकच्या टायरजवळच्या पोराची गोष्ट सांगत आले. सुरुवात तिथूनच केली. पण पोराला आधी कोण आणायचं, तिथे येऊन थांबले.

"ती दुसऱ्या एका मुलीची सेवा होती," मी म्हणाले. "मी घेतली."

"म्हणजे ती सोडून गेली?"

"नाही. मी तिच्याबद्दल खोटं सांगितलं. म्हणून तिला यायला मनाई झाली."

त्या मुलीला खाली बसावं की नाही ते कळेना. तिने अगदी हळू विचारलं, "मग तुम्ही तिला नंतर शोधलंत का?"

"नाही," मी म्हणाले. "तिचं गाव मला ठाऊक होतं. एस.टी. जाते तिथे."