आमच्या घरी पुलअपचा स्टँड येतो

मुलगी सातवीत असताना एके दिवशी शाळेतून आली, दप्तर जिन्यातच टाकलं आणि खोलीत जाऊन बसली. अमेरिकेतल्या बॉथेल गावातलं आमचं घर असं होतं की दारातून आत आलं की लगेच जिना. अर्धा जिना चढलं की स्वयंपाकघर, अर्धा उतरलं की टीव्हीची खोली. त्यामुळे जिन्यातलं दप्तर घरातल्या प्रत्येकाच्या पायात येणार हे ठरलेलं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून दिवसभर उभं राहून आले होते. अडखळले, ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून रडण्याचा आवाज आला. मग दप्तर उचलून बाजूला ठेवलं आणि कुकर लावला.

जेवताना तिने सांगितलं. शाळेत फिटनेस टेस्ट होती. मुलग्यांनी बारला लटकायचं आणि हनुवटी बारच्या वर जाईपर्यंत स्वतःला उचलायचं, म्हणजे पुलअप काढायचा. मुलींना मात्र स्टुलावर उभं करून आधीच वर पोचवायचे आणि त्या तशा किती वेळ टिकतात ते पीटीच्या बाई घड्याळात बघायच्या. आमच्या मुलीने विचारलं, मी मुलांची टेस्ट देऊ का? बाई म्हणाल्या, दे की. ती बारला लटकली आणि लटकलेलीच राहिली. तसूभरही वर गेली नाही. रांगेतली मुलं हसली.

"आय जस्ट हंग देअर," ती वरणभात चिवडत म्हणाली, "लाइक लाँड्री."

मला हसू येत होतं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी लोणच्याची बरणी उघडण्यात वेळ काढला. बाईंनी तिला नंतर बाजूला घेऊन सांगितलं होतं की स्प्रिंगमध्ये, म्हणजे हिवाळा संपल्यावर, परत टेस्ट आहे, तेव्हा पुलअप जमला तर मी तुझी मुलांची टेस्ट धरीन.

"एवढंच ना?" माझा नवरा म्हणाला. "घरी बार लावू."

नवरा विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. दिवसभर पंखांवर किती भार येतो त्याचे हिशेब करायचा. घरात काही ठोकायचं, जोडायचं निघालं की त्याचा चेहरा उजळायचा. दुसऱ्याच दिवशी तो दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा एक बार घेऊन आला. बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये तो घट्ट बसवला आणि मुलगी पुढे झाली तर तिला हाताने थांबवलं.

"आधी मी टेस्ट करतो. नियम आहे."

त्याने बार धरला, पाय दुमडले. बार क्षणभर थांबला आणि मग चौकटीच्या दोन्ही बाजूंना लांब ओरखडे काढत खाली आला. नवरा कार्पेटवर बसला. म्हणजे बसला असं आम्हाला वाटलं, पण त्याला उठताच येईना. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, आमच्याही कितीतरी आधी अमेरिकेत आलेले. मुलगी त्यांना काका म्हणायची म्हणून आम्हीही काकाच म्हणायचो. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ खोकले, आणि ते खोकणं नव्हतं हे मला कळलं.

"माकडहाडाला काही करता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याला उशीवर बसव."

पुढचे कित्येक दिवस नवरा ऑफिसलाही उशी घेऊन जात होता. संध्याकाळी त्याच उशीवर बसून त्याने कॅटलॉग चाळायला घेतले. आता दारात काही लावायचं नाही, आपल्या पायांवर उभा राहणारा स्टँडच आणायचा, असं ठरलं. पण कुठला? ह्याचा पाया अरुंद आहे, हा डोलणार. ह्याच्या नळ्या पातळ आहेत. ह्याचा जोड नको त्या ठिकाणी आहे. मुलगी रोज विचारायची, आणि रोज तो पेन्सिल कानाला लावून म्हणायचा, "घाई करू नकोस." शेवटी एका शनिवारी तिनेच गाडीत जाऊन हॉर्न वाजवला.

मॉलमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात सेल्समन नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुमच्यासाठी?" मुलीसाठी म्हटल्यावर तो आम्हाला थेट दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. तिथे गुलाबी डंबेल्स, लोकरीचे लेगवॉर्मर्स आणि एरोबिक्सच्या व्हिडिओ कॅसेट होत्या. तो मनापासून माहिती देत होता. आम्ही दोघं भिडस्त, ऐकत राहिलो. मागे बघितलं तर मुलगी नाही.

ती स्टँडपाशीच होती. तिथे तीन मांडून ठेवले होते. पहिल्याला लटकून तिने पाय हलवले, तो करकरला. दुसरा तिच्याबरोबर पुढेमागे झाला. तिसऱ्याला ती लटकली, गुडघे छातीशी घेतले, जोरात झोके घेतले. तो हलला नाही. काळा, चार पायांचा, वर आडवा बार. कमरेच्या वर पुढे आलेल्या दोन दांड्या, त्यांना फोम लावलेला. त्या दोन दांड्यांवर तळहात टेकून मधल्या जागेत अंग खाली न्यायचं आणि वर आणायचं, त्याला डिप्स म्हणतात, असं सेल्समनने सांगितलं.

"हा," मुलगी म्हणाली.

नवऱ्याने कॅटलॉगची घडी खिशात सरकवली. "डिप्ससुद्धा करता येतात म्हणजे एकात दोन झालं," तो म्हणाला. एकात दोन म्हटलं की आमच्या घरात कुठलाही प्रश्न सुटतो.

खोकं स्टेशनवॅगनमध्ये मावलं नाही. मागचं दार अर्धं उघडं ठेवून दोरीने बांधलं आणि नेहमीच्या पावसातून घरी आलो. पुठ्ठा भिजून मऊ झाला होता. खोकं एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने. जिन्याच्या मध्यावर खोक्याचा तळ सुटला आणि सगळ्या लोखंडी नळ्या घणघणत टीव्हीच्या खोलीत जाऊन पडल्या.

"निदान खाली नेण्याचा त्रास वाचला," नवरा म्हणाला.

त्या संध्याकाळी काका आणि काकू जेवायला येणारच होते. काकांनी कोट काढला आणि तेही कार्पेटवर बसले. सूचनांचा कागद भिजला होता. तो मी हीटरवर वाळवला आणि सोफ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागले. दोघं "हं, हं" म्हणत होते आणि भलतंच करत होते. काकूंनी मला हळूच सांगितलं, "वाचू नकोस. त्यांना आवडत नाही." तासाभराने स्टँड उभा राहिला. दोघं मागे सरकून बघायला लागले. मुलीने स्टँडला एक फेरी मारली.

"बाबा, हाऊ डू आय गेट इन?"

दोन्ही दांड्या भिंतीच्या दिशेने लागल्या होत्या. दांड्यांच्या मधे शिरायचं तर आधी भिंतीतून यावं लागलं असतं.

"मागून शिरायचं असेल," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

सगळं परत सुटं झालं. आता कागद मुलीने घेतला. ती इंग्रजीत एकेक वाक्य वाचायची, पान्याचा नंबर सांगायची, आणि इतका वेळ माझं न ऐकणारे दोघं मुकाट्याने ऐकायचे. जेवणाआधी स्टँड खरोखर तयार झाला. कार्पेटवर एक नट उरला होता.

"एखादा उरतोच," नवरा म्हणाला.

"विमानातही?" काकांनी विचारलं.

नवऱ्याने परत पान्याची पेटी उघडली आणि त्या नटाची जागा शोधूनच तो पानावर येऊन बसला. जेवण झाल्यावर बारची उंची ठरवायची राहिली होती. खांबांना भोकं होती, हवं तितकं वर करता येत होतं. "ती वाढतेय," म्हणून त्याने सगळ्यात वरच्या भोकात बोल्ट घातला. बार आणि छत यांच्यात वीतभर जागा राहिली. टेपने मोजून तो समाधानाने म्हणाला, बसला बरोबर. मग सगळ्यांनी लटकून पाहिलं. नवरा फार जपून लटकला, काका चष्मा काढून. काकू नको म्हणाल्या. वर मात्र कुणालाच जाता आलं नाही.

मग तो लांबलचक हिवाळा सुरू झाला. आमच्याकडे हिवाळा म्हणजे बारीक पाऊस आणि दुपार संपायच्या आत अंधार. पीटीच्या बाईंनी तिला युक्ती सांगितली होती. स्टुलावर चढून, हात वाकवून नाक बारपर्यंत न्यायचं, स्टूल सोडायचं आणि जमेल तेवढं सावकाश खाली यायचं. नाहीतर कुणीतरी पाय धरून थोडा आधार द्यायचा. ते काम माझ्याकडे आलं. मी कामावरून आले की चहा पिऊन खाली जायचे आणि तिचे पाय धरायचे. ती दमली की मी दांड्यांवर हात टेकून नुसती उभी राहायचे, त्याने कंबर मोकळी व्हायची. मग एक दिवस थोडी खाली गेले. मग थोडी वर आले. कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मुलगी आमच्याशी बोलेनाशी झाली होती. काय झालं विचारलं की "नथिंग", कुठे होतीस विचारलं की "नोव्हेअर". पण बारला लटकल्यावर तिचं तोंड भिंतीकडे असायचं आणि मी तिच्या पाठीमागे, तिचे घोटे हातात धरून. एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. तशी ती बोलायला लागली.

"आई, डू यू थिंक आय ॲम वीअर्ड?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. नोबडी सेज इट. दे जस्ट डोंट सिट विथ मी."

मी तिचे घोटे नीट धरले. मग म्हटलं, "मी फार्मसीत लागले ना, तेव्हा फोन वाजला की मी कपाटाकडे जायचे. औषध शोधतेय असं दाखवायचे. माझं बोलणं लोकांना कळायचं नाही, सारखं 'व्हॉट? व्हॉट?' करायचे. म्हणून दुसरं कुणी उचलेपर्यंत मी कपाटापाशी."

ती खाली उतरली, पण वळली नाही. "मग?"

"मग एक दिवस सगळे जेवायला गेले होते. मी एकटीच होते. फोन काही थांबेना. उचलला."

"अँड?"

"त्या माणसाने दोनदा 'व्हॉट' म्हटलं. मग त्याला कळलं."

ती परत स्टुलावर चढली. "होल्ड माय फीट," म्हणाली. माझ्या हातांवर तिचा भार रोज थोडा थोडा कमी होतोय हे मला जाणवत होतं.

ते जमलं एका रविवारी दुपारी. मी स्वयंपाकघरात होते, नवरा वर्तमानपत्र वाचत होता. खालून आधी धप्प असा आवाज आला आणि मग तिची किंकाळी. आम्ही दोघं धावलो. ती स्टँडखाली उभी, एक हात डोक्यावर, केसांत पांढरे दाणे. त्या काळच्या घरांना छतावर पोह्यासारखा खरबरीत पांढरा थर मारलेला असायचा, त्याचा एक पोपडा तिच्या डोक्यावर आला होता.

"लागलं का?" मी विचारलं.

"आय डिड इट," ती म्हणाली. "बाबा, आय डिड इट. आय हिट द सीलिंग."

नवऱ्याने वर बघितलं. बारच्या वर छतात डोक्याएवढा खळगा. तो बघतच राहिला. स्टँड खोलीत बसतो की नाही हे त्याने मोजलं होतं. वर गेलेलं डोकं कुठे जाणार हे मोजायचं राहून गेलं होतं, आणि आमच्यापैकी कुणी वर गेलंच नव्हतं म्हणून इतके महिने ते कळलं नव्हतं. मी हसायला लागले ते मला थांबवता येईना. मुलगीही डोकं चोळत हसत होती. नवरा मात्र गंभीरपणे म्हणाला, "परत करून दाखव, पण सावकाश." तिने दाखवलं. छताला डोकं टेकलं, तशी ती मान वाकडी करून थोडी आणखी वर गेली. तेव्हा तो खाली कार्पेटवर बसला आणि चष्मा पुसायला लागला.

बार खाली घेतला असता तर भागलं असतं. पण त्याने तसं केलं नाही. गॅरेजचं छत उंच होतं. त्या संध्याकाळी स्टँड सुटा करून त्याने गॅरेजमध्ये जोडला, आणि त्यासाठी गाडी बाहेर काढली. गाडीवर पक्षी बसलेला ज्या माणसाला चालत नसे, त्याची गाडी त्या दिवसापासून ड्राइव्हवेमध्ये पावसात उभी राहायला लागली. 

स्प्रिंगमधली टेस्ट झाली त्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आले. ती नेहमीसारखी आली, दप्तर नेहमीसारखं जिन्यात टाकलं.

"काय झालं?"

"टू. तिसऱ्याला हनुवटी थोडी खाली राहिली. शी सेड इट डझन्ट काउंट."

"आणि मुलं? काय म्हणाली?"

तिने फ्रिज उघडला. "नथिंग. इट वॉज ऑलमोस्ट लंच."

मला वाईट वाटलं, तिला वाटलेलं दिसलं नाही. ती दही घालून पोळी खात उभ्याउभ्याच म्हणाली की वर्गातल्या एका मुलीने विचारलं, तू हे कुठे शिकलीस. आणि शनिवारी ती आपल्याकडे येणार आहे.

शनिवारी ती मुलगी आली. तिला सोडायला तिची आई आली. त्या मायलेकी मागच्याच रस्त्यावर राहायच्या. तिथे राहायला आल्यापासून त्या बाईशी माझा संबंध गाडीतून हात हलवण्यापुरता होता. ती दारातूनच निघाली होती, पण मी चहा टाकलेला होता, म्हटलं थांबा. आलं घातलेला चहा तिने कप दोन्ही हातांत धरून प्यायला आणि कशाचा वास आहे म्हणून विचारलं. गॅरेजमधून मुलींचं खिदळणं ऐकू येत होतं, म्हणून आम्ही कप घेऊन तिथेच गेलो. तिने स्टँडकडे बघितलं, वॉशिंग मशीनवर आपला चांगला कोट काढून ठेवला, बूट काढले आणि बारला लटकली. डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली.

"ओह, माझे खांदे," उतरल्यावर ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला येतो का पुलअप?"

"नाही," मी म्हटलं. "पण डिप्स थोडे थोडे येतात."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "आई? सिन्स व्हेन?"

"दाखवा ना," ती बाई म्हणाली.

मी कप मशीनवर ठेवला, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि दांड्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. दोघी मुली जवळ सरकल्या. बाहेर नवरा गाडीच्या टपावरून झाडाचा कचरा काढत होता, तोही हातात फडकं तसंच धरून आत बघायला लागला. मी फोमवर तळहात टेकले, पाय उचलले आणि हळूच खाली गेले.