पाच वजा

मोटारींच्या त्या मासिकाला पन्नास वर्षं झाली, आणि त्यातली एकतीस टेपभाऊंनी रस्त्यावर वाकून काढली. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती बरं का! काम एकच. नवी गाडी ऐंशीच्या वेगाने यायची, पांढऱ्या रेघेवर चालक ब्रेक दाबायचा, आणि ती किती मीटरवर थांबली ते टेपभाऊ टेपने मोजायचे. वाचक मुखपृष्ठ नंतर बघायचे, आधी त्यांचा तक्ता.

टेपचे पहिले पाच मीटर कधीच एका चाकाखाली चिरडून गेले होते. नवा टेप मागितला की संपादकांच्या कपाळाला आठ्या. मग पाचच्या खुणेपासून मोजायचं आणि आकड्यातून पाच वजा करायचे, असं सुरू झालं ते झालंच.

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी जुने तक्ते तपासायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. धुळीने शिंकत ते एका कागदाशी आले आणि तो त्यांनी उजेडाकडे धरला. कोपऱ्यात चालकाचं अक्षर, ‘पाच वजा केले, बत्तीस.’ खाली त्यांचं स्वतःचं, सत्तावीस. चालकाने वजा केले होते, यांनी पुन्हा केले. इतकी वर्षं पहिल्या नंबरावर मिरवलेली गाडी चारचौघींसारखीच होती.

आणि हीच गाडी ताईने त्यांच्या शब्दावर घेतली होती. दाजी तर ज्याला त्याला सांगायचे, सत्तावीस मीटरात थांबते, आमच्या मेव्हण्याने मोजलंय. त्या भरवशावर ट्रकच्या अगदी मागे मागे चालवायचे. नऊ वर्षांपूर्वी असाच एक ट्रक पुढे थांबला आणि दाजी गेले. ताईने गाडीला कधी बोल लावला नाही. गाडी एक नंबर होती, यांनीच ब्रेक उशिरा दाबला आणि मला उघड्यावर टाकलं, असं ती येईल त्याला ऐकवायची. रडली मात्र नाही. रागाने तिचं रडू आटूनच गेलं होतं.

संपादक म्हणाले, जुनी मढी कशाला उकरता, ती गाडी बंद होऊन जमाना झाला. टेपभाऊंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण आपली चूक गेलेल्या माणसाच्या माथी मारून जगणं त्यांना झेपेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ते ताईकडे गेले आणि चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं.

ताईने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पाच मीटर म्हणजे किती रे? चालून दाखव."

ते तिच्या खुर्चीपासून मोठी पावलं टाकत निघाले. चार मीटरला खोली संपली. पाचवा दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी आला. तिथे थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"एवढ्यासाठी मी त्यांना नऊ वर्षं शिव्या घातल्या," ती म्हणाली.

ती उठली आणि तिने दार लावून घेतलं. आतून रडणं ऐकू यायला लागलं. टेपभाऊंनी दार वाजवायला हात उचलला, पण आत ती दाजींची माफी मागत होती, म्हणून त्यांनी तो खाली घेतला.