रॉड छातीला टेकेपर्यंत

तिरोड्याच्या त्या व्यायामशाळेत मुलींची वेळ दुपारी तीन ते साडेचार होती. धानाच्या जुन्या गोदामात भरणारी ती जागा संध्याकाळी मुलांची असे. दुपारी दाराला चादर लावली जाई आणि आम्ही चार-पाच जणी येत असू. शिकवणारे गृहस्थ एके काळचे पहिलवान. मुले त्यांना वस्ताद म्हणत, आम्ही सर. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. बेंच प्रेससाठी, म्हणजे बाकावर उताणे पडून वजनाचा रॉड वर ढकलण्याच्या प्रकारासाठी, विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, एवढी एकच इच्छा मी त्या वर्षी धरली होती. वडिलांची परवानगी होती, पण अटीवर. "निवड झाली त पुढं जा. नाही झाली त हे बंद, अभ्यास कर." अट मला न्याय्य वाटली आणि मी ती मान्य केली.

निवडचाचणीला दोन महिने उरले असताना महाविद्यालयाच्या फलकावर नियमांचा कागद लागला. रॉड छातीला टेकला पाहिजे, तेथे क्षणभर स्थिर राहिला पाहिजे आणि पंचांनी सांगितल्यावरच वर ढकलायचा, असे त्यात होते. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. वर्षभर मी रॉड छातीच्या चार बोटे वर थांबवत आले होते. सरांनी तसेच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस किलो, जे मी एरवी सहज उचलत असे, ते छातीपर्यंत उतरवले. ते तेथेच राहिले. सरांनी आणि एका मैत्रिणीने दोन्ही टोके धरून माझी सुटका केली.

"काऊन एवढं खाली नेलं?" सर म्हणाले.

"नियम आहे, सर."

"चाचणीतलं तठीचं तठी पाहू. तू खांद्यानं जोर लाव."

उरोस्थीपासून निघून दंडाच्या हाडाला जुळणारा तो पंख्यासारखा स्नायू मी परीक्षेत रेखाटला होता. दंड शरीरासमोर आणणे हे त्याचे काम. म्हणजे या व्यायामात सर्वांत मोठा वाटा त्याचा असायला हवा. माझे मात्र दंड थरथरत, खांद्यांचा पुढचा भाग दिवसेंदिवस ठणकत राही आणि छाती तेवढी निवांत. स्नायू दुर्बळ असणे वेगळे आणि त्याला कामाला न लावणे वेगळे. माझ्या बाबतीत यांपैकी काय खरे, हे मला ठरवता येत नव्हते.

एका संध्याकाळी व्यायामशाळेत विसरलेली वही आणायला गेले. दाराशीच सरांचा आवाज ऐकू आला.

"अबे, मान आखडून काय उचलून राहिला? छाती काढ. पाठीचे दोन्ही पाते बेंचले चिकटव. आता रॉड छातीवर उतरव. हळू. हळू म्हटलं ना, वरातीत नाचून राहिला का?"

मुले हसली. सरांनी बेंचवरच्या मुलाच्या छातीवर तळहाताने दोन थापा दिल्या. "हे काम करून राहिलं पाहिजे. हात त फक्त धरासाठी हायेत."

मी वही न घेता परतले. वर्षभरात त्यांनी 'छाती' हा शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. अगदीच अडले तर "समोरचं अंग" म्हणत, आणि शक्यतो काहीच म्हणत नसत. रॉड मुलीच्या अंगाला लागू नये, आडवे झाल्यावर तिची पाठ ताणली जाऊन ऊर पुढे येऊ नये, म्हणून त्यांनी पूर्ण सभ्यपणाने अर्धा व्यायाम कापून टाकला होता. उरलेला अर्धा मी निष्ठेने केला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारले. "सर, पोरांना सांगता ते मला काऊन नाही सांगत?"

ते वजनाच्या प्लेटा रचत होते. रचतच राहिले. "काय सांगतो पोट्ट्यांले?"

"छाती काढ म्हणता."

त्यांनी आणखी एक प्लेट चढवली. "बाई, माझी पोरगी तुझ्याच उमरीची हाये. तिलेही नाही म्हणू शकत मी. जीभच नाही उचलत." शेवटची प्लेट ठेवून ते म्हणाले, "तुझ्या मायले घेऊन ये. मी भिंतीकडे तोंड करून सांगतो. हात ते ठेवेल."

आई अंगणवाडीत मदतनीस होती. तिची दुपार मोकळी असे. ती आली आणि माझ्या छातीवर हात ठेवता येईल अशी बेंचशेजारी स्टुलावर बसली. सर भिंतीकडे वळून उभे राहिले. चाचणीला थोडेच आठवडे उरले असताना माझ्या हातात नुसता रिकामा रॉड होता.

"दोन्ही पाते मागं. छाती वर. आता हळूहळू खाली घे," भिंतीने ऐकावे तसे सर म्हणाले. "ताई, हात ठेवा. कडक लागून राहिलं का?"

"नाही जी. मऊच हाये."

"कोपरं अंगाकडे घे, बाई. ताई, आता?"

"नाही लागत."

असे नऊ दिवस गेले. मी खांदे मागे घेई आणि ढकलण्याच्या क्षणी ते आपोआप पुढे वळत. वळण जुने होते. तेराव्या वर्षी आईनेच माझ्या खांद्यांवर हात ठेवून ते आत दाबले होते. ओढणी नीट घे, जरा वाकून चाल, असे तेव्हा रोज सांगितले होते. घरी परतताना ती एकदा स्वतःहून म्हणाली, "मीच तुले वाकाले शिकवलं." ते खरे होते आणि तिने ते सांत्वनासाठी म्हटले नव्हते.

दहाव्या दिवशी रॉड टेकला, थांबला आणि वर निघाला तेव्हा तिच्या बोटांखालचा स्नायू कडक झाला. "आता लागलं जी," ती म्हणाली. भिंतीकडे पाहत सर म्हणाले, "तेच पाहिजे. पुन्हा."

राहिलेले आठवडे पुरे पडले नाहीत. चाचणीत चाळीस वर गेले, पंचेचाळीसही छातीला टेकून वर गेले, पन्नास अर्ध्यावर थांबले. माझ्या वजनगटात एकीचीच निवड होणार होती. मी दुसरी आले.

त्या दिवशी जेवताना वडिलांनी विचारले, "झाली का?"

"नाही. दुसरी आले."

"मंग ठरलं होतं आपलं."

"ते तुमचं दोघांचं ठरलं होतं," आई वाढता वाढता म्हणाली. "मी नव्हती त्यात. वर्षभर सगळ्यांनी तिले अर्धंच शिकवलं, मीही त्यातच, आन् परीक्षा पुऱ्याची घेता? उद्या तीन वाजता मी जाऊन राहिली तिच्यासंग."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "किती उचललं?"

"पंचेचाळीस. छातीला टेकवून."

त्यांनी मान खाली घालून भात कालवला. ताट संपत आल्यावर म्हणाले, "सायकल नोको नेजा उद्या. बिरेक ढिले हायेत. पायी जा."