पाकोळ्या खाली, आई काठावर

माझ्या हातातला माईक काढून घेतला. हिसकावला नाही. हसत काढून घेतला, लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. आणि त्याच माईकवर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, निसर्गात जात आणू नका."

चाकूरजवळच्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात निसर्गावर व्याख्यानं होतात. ऊन उतरलं की शाळेच्या मैदानात. मी लातूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. यंदा पहिल्यांदाच मला बोलावलं. विषय दिला, आपल्या बारवेतले पक्षी. बारव म्हणजे गावची जुनी पायऱ्यांची विहीर, तिच्या दगडांच्या फटीत पाकोळ्या घरटी करतात. मी हरखून गेले. आईला नवी साडी नेसवली, पुढच्या रांगेत बसवलं. लेकीचं भाषण तिनं कधी ऐकलं नव्हतं.

अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, गावातलं वजनदार माणूस. प्रास्ताविकात म्हणाले, "या बारवेनं सगळ्या गावाला पाणी पाजलं." टाळ्या पडल्या. आईनं वाजवल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

सगळ्या गावाला. माझं डोकंच फिरलं.

मला पाकोळ्या आईनं शिकवल्या. पुस्तकं नंतर आली. ती पोर असताना घागर घेऊन याच बारवेच्या काठावर उभी राहायची. आमच्या माणसांनी धम्म घेतला होता, तरी गावानं पायऱ्या उतरू दिल्या नव्हत्या. कुणी बाई पाण्याला आली की म्हणायचं, "पाणी वाढा वो माय." कुणी घागरीत वरून ओतायची, कुणी तोंड फिरवून जायची. तोवर उन्हात पाकोळ्या बघायच्या. आई सांगायची, "त्या खाली जायच्या, पिऊन वर यायच्या. त्यांना कुणी हाड म्हणत न्हवतं."

मी माईकवर एवढंच सांगितलं होतं.

मग अध्यक्षांनी माईक परत पुढं केला. "पाकोळ्यांचं लई छान सांगायलात. तेवढंच सांगा." मागं कुणीतरी हसलं. लाज वाटली, खरं सांगते. चारचौघांत आपल्याच हातून घाण सांडल्यासारखी. आईनं हातानं खूण केली, बस खाली. जन्मभर ती हीच खूण करत आलीय.

माईकसाठी मी हात पुढं केला. आणि तिथंच थांबला हात. मी तरी काय करत होते? काठावरच उभी होते. ते वाढतील तेवढंच घ्यायला.

माईक घेतला नाही. मोकळ्या गळ्यानंच मी म्हणाले, "तुमच्या सगळ्या गावात माझी आई येत नाही."

सत्काराचं रोप टेबलावर तसंच ठेवलं आणि आईला घेऊन निघाले.

वाटेत आई भडकली. "तू जाशील लातूरला. मला हितंच ऱ्हायचंय." तिचं खोटं नव्हतं. उद्या दळणाला, दुकानात, त्याच लोकांपुढं तिलाच जायचं होतं. मला रडू आलं. पण माफी मागायला परत जाऊ का, असं विचारलं तेव्हा ती चालायची थांबली. म्हणाली, "न्हाई. ते नगं."

पुढच्या उन्हाळ्यात ते मला बोलावणार नाहीत. मी येणार. बारवेच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याला पाय लावून बोलणार. पाकोळ्यांचं आणि काठावरच्या पोरीचं, एका दमात. ऐकायला कुणी येवो न येवो. वाढा म्हणणार नाही.