आक्का सुरू होईना

सुरुवातीलाच सांगते, भुताखेताच्या गोष्टी मला ऐकवत नाहीत. भीती वाटते म्हणून नाही हो, वैताग येतो म्हणून. आमचं घर अंथुर्णे गावचं, बौद्ध. अंगारे-धुपारे, नजर काढणं असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्यात मी इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. माझ्या लेखी करंट एकतर येतो, नाहीतर येत नाही. येत नसेल तर त्याला कारण असतं आणि ते टेस्टर लावला की सापडतं. आजवर सापडत आलंय... एकदा सोडून.

बारामती-इंदापूर रस्त्याला आमचं टेक्निकल कॉलेज आहे. नाव सांगत नाही, उगाच लोक मशीन बघायला यायचे! आमची पोरं म्हणजे कुणी शेतमजुराचं, कुणाची शाळा मधेच सुटलेली. त्या वर्षी टर्नरच्या, म्हणजे लेथवर लोखंड कातायला शिकवतात त्या वर्गात एकच मुलगी होती, कोमल. तिचे आईवडील ऊसतोडीला सोमेश्वरनगरला यायचे, सीझनभर कारखान्याजवळ खोपी घालून राहायचे. ॲडमिशनला वडील आले तेव्हा त्यांच्याशी मीच भांडले होते.

"तुमी म्हणताय म्हून शिकू द्या, मॅडम," ते म्हणाले होते. "पर नापास झाली तर पुढच्या सीझनला हातात कोयता. पावणंबी बघून ठिवल्यात."

म्हणजे लग्न, आणि लगेच नवऱ्याबरोबर उसाच्या फडात. नवरा-बायकोची जोडी असली की मुकादम कामावर घेतो, म्हणून पोरींची लग्नं उरकतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

कोमलच्या वाट्याला वर्कशॉपमधलं सगळ्यात जुनं लेथ मशीन आलं होतं. रंग उडालेलं, सुरू केलं की कुरकुरणारं. खंडेनवमीला आमच्याकडे वर्कशॉप बंद ठेवून मशीनची पूजा असते, ज्याचं मशीन त्यानं पुसायचं, हार घालायचा. बाकीच्या पोरांनी फडकं मारलं आणि पेढ्यांकडे पळाली. ही बया दुपारपर्यंत घासत बसली होती. हळदीकुंकू लावलं आणि वर त्या लेथचं नाव ठेवलं, आक्का.

"माझ्या थोरल्या बहिणीवानीच हाय की, मॅडम. सारखी कुरकुर, पर काम सोडत न्हाय."

"मग आक्काला साडीचोळी कर की!" मी म्हटलं.

"पगार झाल्यावर करीन," ती म्हणाली. चेष्टा नव्हती हं त्यात. त्या दिवसापासून रोज सकाळी मशीनला हात लावून दोन शब्द बोलल्याशिवाय ती बटण दाबायची नाही. पोरं चिडवायची, हिला काही फरक पडायचा नाही.

मग आली शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. भर सकाळची वेळ, बाहेरचे परीक्षक आलेले, सगळी मशीन एका सुरात चाललेली... आणि त्यातून टर्नरचे जाधव सर माझ्याकडे धावत आले.

"मॅडम, चला लवकर. कोमलचं लेथ सुरू होईना."

मी गेले. कोमल बटण दाबतेय, दाबतेय... मशीन ढिम्म. डोळ्यांत पाणी. "आक्का, आजच्याला नको गं रुसू," असं पुटपुटत होती. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "जादा वेळ मिळणार नाही हं." मला तिचे वडील आठवले, तो कोयता आठवला.

टेस्टर लावला. सप्लाय आहे. फ्यूज शाबूत. इमर्जन्सी स्विच मोकळा. मी स्वतः बटण दाबलं. काही नाही. बरं, साधा 'टक' आवाज तरी यावा! तोही नाही. म्हणून पाठीमागचं पॅनेल उघडायला मी मशीनला वळसा घालून गेले...

चकामध्ये किल्ली तशीच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेथवर लोखंडाचा तुकडा ज्यात आवळून धरतात तो चक. तो आवळायची जाडजूड किल्ली असते. आवळून झालं की पहिली ती बाहेर काढायची, टर्नरची पोरं पहिल्या दिवसापासून शिव्या खातात त्या ह्यासाठीच. कारण किल्ली आत राहिली आणि मशीन फिरलं, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. कोमल चक फिरवत चारही बाजूंनी आवळत होती, तेवढ्यात परीक्षकांनी सहीला बोलावलं. किल्ली मागच्या बाजूला, समोरून दिसेना. परत येऊन तिनं सरळ बटण दाबलं होतं.

मी किल्ली उपसली. कोमलनं बघितलं. चेहरा पांढराफटक.

"बघत काय बसलीस? दाब बटण!" मी ओरडले.

तिनं दाबलं. आक्का कुरकुरत सुरू झाली. मी ना वायर हलवली होती, ना पॅनेलला हात लावला होता. आईशप्पथ.

पोरीनं दात-ओठ खाऊन जॉब, म्हणजे परीक्षेला कातायचा तुकडा, पूर्ण केला आणि पास झाली.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. जाधव सर म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट असेल, मॅडम." असेल ना! मग तो मला का सापडू नये? परीक्षा संपल्यावर एका दुपारी मी स्टार्टर पूर्ण खोलला. एक एक कॉन्टॅक्ट तपासला. ठणठणीत. दर वेळी पहिल्या दाबाला मशीन चालू. आता उरलं होतं एकच. किल्ली आत असताना मशीन बंद ठेवणारी काही सोय ह्या जुन्या मशीनला आहे का? नाही हे मला माहीत होतं, तरी बघायचंच होतं. वर्कशॉपला आतून कडी लावली, किल्ली परत तशीच मागच्या बाजूला अडकवली, स्वतः आडोशाला उभी राहिले आणि लांब काठीनं बटण दाबलं.

आक्का लगेच फिरली. किल्ली सुटली आणि मशीनसमोरच्या पत्र्याच्या कपाटावर जो काही आवाज झाला... मी काठीनंच मशीन बंद केलं. घाबरले नव्हते. काहीतरी फार मोठं आपल्या शेजारून गेलं आणि आपल्याला ते कळलंच नाही, असं वाटत होतं.

कोमल आता बारामतीत एका कंपनीत टर्नर आहे. लग्नासाठी बघून ठेवलेले पाहुणे परत गेले. ह्या खंडेनवमीला ती आली, पिशवीत हिरवी साडी आणि खण. "आक्काचं देणं ऱ्हायलं हुतं," म्हणाली. मशीनवर साडी पांघरली आणि पूर्वी जिथं उभी राहायची तिथंच हात जोडून उभी राहिली.

तिच्या पाठीमागे ते कपाट होतं. किल्लीनं पाडलेला पोचा बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर होता.

मी तिला तो दाखवला नाही. परीक्षेला मशीन का चाललं नाही, त्याचं कारण मला अजूनही सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता टेस्टर घेऊन शोधतही नाही. कधीच पूजेला हात न लावणारी मी, त्या दिवशी पुढे झाले आणि आक्काच्या साडीचा पदर नीट केला.